अंकुशी रुपया

गेल्या महिन्यात आमच्या सोलापुरात एका मंगल कार्यालयात दोन दिवस जुन्या नाण्यांचं प्रदर्शन भरलं होतं. प्रदर्शन म्हणजे दहा-बारा टेबलं, त्यांवर लाल कापड, काचेच्या पेट्या आणि प्लॅस्टिकच्या पाकिटांचे जाडजूड अल्बम. आदल्या दिवशीच्या लग्नातल्या झेंडूच्या माळा अजून खांबांना लटकत होत्या. मी दरवर्षी जातो. खिशात भिंग असतं आणि पैसे बेताचे असतात.

माझं नाव कळलं की नवखा विक्रेता आधी शेवटी ७८६ आकडा असलेली नोट पुढे करतो. मी हसून 'राहू द्या' म्हणतो. माझा नाद वेगळा आहे. त्याची सुरुवात आईच्या गाडग्यातून झाली. १९६८ पासून तीन-चार वर्षं कमळाचं चित्र असलेलं पिवळंधमक वीस पैशांचं नाणं निघत होतं. त्यात सोनं आहे, अशी लोकांची ठाम समजूत होती. आईनं तशी अकरा नाणी साठवली होती. सोनं नव्हतंच, तांब्यात दुसरे धातू मिसळलेले होते. पण त्या अकरा नाण्यांनी मला कायमचं नादी लावलं.

पुढे मी कविता लिहू लागलो आणि अक्षरं असलेल्या नाण्यांकडे वळलो. मुघल बादशहांच्या कितीतरी रुपयांवर फारसी शेर असतो. माणसं खिशात शेर घेऊन बाजारात जात होती, ही कल्पनाच मला भारी वाटते. गंमत अशी, की तेव्हा नाणी हातानं ठोकत. ठसा मोठा आणि त्याखालची चांदीची चकती लहान. त्यामुळे सगळा मजकूर एका नाण्यावर कधी उमटतच नाही. एकावर सुरुवात, दुसऱ्यावर मधला शब्द. ओळ पुरी करायची तर चार-पाच नाणी शेजारी मांडावी लागतात. संपूर्ण शेर नीटनेटका दिसतो तो ईस्ट इंडिया कंपनीनं मुर्शिदाबादच्या नावानं यंत्रावर पाडलेल्या रुपयावर. त्यावर नाव आहे शाह आलम बादशहाचं. १७८८ मध्ये त्याचे डोळे काढले गेले, १८०६ मध्ये तो वारला. पण त्याच्या नावाचा रुपया कंपनी १८३५ पर्यंत पाडत होती.

लोकांना वाटतं, फारसी मला घरातूनच आली असणार. घरी आम्ही दखनी बोलत होतो. लहानपणी अरबी अक्षरं गिरवली, अर्थ काही कळत नव्हता. नाणं वाचायला मला शिकवलं ते एका निवृत्त इतिहासशिक्षकांनी. कडक सोवळ्यातले गृहस्थ. पूजा आटोपली की मोडी आणि फारसी घेऊन बसायचे.

तर त्या दिवशी मला एक अंकुशी रुपया दिसला. पेशव्यांच्या काळातला, पुण्याच्या टांकसाळीचा. हत्तीच्या माहुताच्या हातात असतो तसा अंकुश त्यावर उमटलेला असतो, म्हणून अंकुशी. १८१८ मध्ये पेशवाई गेल्यावरही कंपनीनं काही वर्षं तो पाडला. माझ्याकडे असे तीन आहेत. तिन्हींवर टांकसाळीचं नाव कडेबाहेर गेलेलं. या चौथ्यावर त्याचा शेपटासारखा एक तुकडा दिसत होता. विक्रेता बावीसशे म्हणत होता, मी अठराशेवर अडलो होतो.

तेवढ्यात एक गृहस्थ तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. मुलाला पेशव्यांचा रुपया हवा होता. खाऊचे पैसे साठवून त्यानं पाकिटातून आणले होते. विक्रेत्यानं तोच रुपया माझ्या हातातून घेऊन त्याच्यापुढे धरला. वडिलांनी तो निरखला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"अहो, पेशव्यांचा म्हणता आणि यावर तर उर्दू आहे. पोराला फसवताय का?"

"काका, पेशव्यांचाच आहे. हा बघा अंकुश."

"अंकुश काय, कोणीही काढेल."

विक्रेता माझ्याकडे वळला. "हे शेखसर वाचतात. त्यांनाच विचारा."

श्रोतेहो, खोटं कशाला बोलू, मी क्षणभर गप्प राहिलो. माझ्या एका 'काय सांगता येत नाही बुवा' वर तो रुपया माझा होणार होता. मुलगा नाण्याकडे नाही, माझ्याकडे बघत होता. वाट बघणाऱ्या मुलासमोर खोटं बोलायला जो निगरगट्टपणा लागतो, तो माझ्यात कमी पडला, एवढंच.

मी म्हणालो, "उर्दू नव्हे, फारसी आहे. आणि रुपया खरा आहे." शाह आलमचं नाव त्यांना दाखवलं. गृहस्थांना ते पटेना. "म्हणजे पेशव्यांना स्वतःचं नाव घालता येत नव्हतं?"

"येत होतं. घातलं नाही." शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ मध्ये, शिवराईवर देवनागरीत आपलं नाव घातलं, ते स्वतंत्र राजाचं नाणं होतं. पेशव्यांच्या काळी दिल्लीची सत्ता नावापुरतीच उरली होती. त्या आंधळ्या बादशहाला पुन्हा गादीवर बसवलं तेच मुळी महादजी शिंद्यांनी. पण व्यापाऱ्याला आणि सराफाला ज्या ठशाची सवय, तोच रुपया बाजारात बिनबोभाट चालायचा. नवी नोट आली की आपणही ती उजेडात धरून बघतोच की.

गृहस्थ काही बोलले नाहीत. मुलानं मात्र रुपया तळहातावर घेतला. "कुठून वाचायचं, सर?"

"उजवीकडून. आणि बऱ्याचदा ओळी खालून वर."

त्यानं रुपया फिरवला, पुन्हा फिरवला. मी बोट ठेवून 'शाह' दाखवलं. त्याला शेवटची अक्षरं ओळखू आल्यासारखी वाटली, कारण तो एकदम हसला. वडिलांनी दोन हजारांत सौदा केला. मुलाचे पैसे कमी पडत होते, तेवढे त्यांनी घातले. निघताना मी मुलाला बजावलं, की चिंच-राख लावून घासू नकोस, काळपटपणा तसाच राहू दे. घासलेल्या नाण्याला पारखी किंमत देत नाहीत.

"सर, माझी विक्री केलीत आणि स्वतःचं नाणं घालवलंत," विक्रेता म्हणाला. त्याला वाईट वाटलं असावं. त्यानं खालच्या डब्यातून एक झिजलेली शिवराई काढून मला पन्नास रुपयांत दिली.

घरी येऊन ती भिंगाखाली धरली. एका बाजूला 'छत्र' आहे, 'पति' पुसट आहे. दुसऱ्या बाजूला 'श्री'चा वरचा भाग, मधे ठसठशीत 'राजा', आणि 'शिव' कडेबाहेर गेलेलं. आता 'शिव' असलेली दुसरी शोधायला हवी. पुढचं प्रदर्शन दिवाळीनंतर आहे, असं विक्रेता म्हणाला.