गिअर, फेरे आणि पेट्रोल



उन्हाळ्यातल्या या व्याख्यानमालेत वेदान्तापासून अर्थसंकल्पापर्यंत सगळं बोलून झालं आहे. मोटारसायकलच्या ॲव्हरेजवर मात्र इथं कुणी बोललं असेल असं वाटत नाही. बाहेर लावलेल्या गाड्यांची रांग पाहिली तर विषय श्रोत्यांच्या जिव्हाळ्याचा आहे यात शंका नको. नवी गाडी दाराशी आली की शेजारी पेढा घेता घेताच विचारतात, ‘‘ॲव्हरेज किती देते?’’ रंग, पिकअप, ब्रेक हे सगळं नंतर.

ही सवय आपल्याला 1985 नंतर लागली. त्या सुमारास तीन-चार जपानी बनावटीच्या 100 सीसी गाड्या भारतात आल्या. बाकीच्या टू-स्ट्रोक होत्या, पळायला चपळ आणि प्यायलाही चपळ. हिरो होंडाची सीडी 100 तेवढी फोर-स्ट्रोक. टू-स्ट्रोकमध्ये ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच सायलेन्सरवाटे निघून जातो, फोर-स्ट्रोकमध्ये ती गळती जवळजवळ नाहीच. लिटरला 80 किलोमीटरचा दावा करणारी ती गाडी मध्यमवर्गाची झाली, आणि 1994 मध्ये तिच्याच इंजिनावर स्प्लेंडर आली. आजचा हिशेब मी याच जातीच्या गाडीवर मांडणार आहे, कारण सभागृहातल्या निम्म्या लोकांना ती हातापायांनी माहीत आहे.

दोन समजुती सर्रास ऐकू येतात. एक, मूठ जितकी कमी पिळाल तितकं पेट्रोल कमी. दुसरी, इंजिनाचे फेरे, म्हणजे आरपीएम, जितके कमी तितकं बरं. दोन्ही अर्ध्या खऱ्या आहेत, आणि उरलेल्या अर्ध्यात पेट्रोल जातं.

आधी फेरे पाहू. या इंजिनाचा स्ट्रोक 49.5 मिलिमीटर. म्हणजे इंजिनाच्या एका फेऱ्यात पिस्टन खाली-वर मिळून जवळपास 10 सेंटिमीटर घासत जातो. मागच्या 18 इंची चाकाचा परीघ साधारण 1.85 मीटर, म्हणून किलोमीटरला चाकाचे सुमारे 540 फेरे. टॉप गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे दहाच्या आसपास फेरे होतात. हिशेबाला दहाच धरू. इंजिनाचे झाले 5400. आता गुणाकार करा. तुम्ही रस्त्यावर एक किलोमीटर जाता तेव्हा पिस्टन सिलिंडरच्या भिंतीला घासत अर्धा किलोमीटरहून थोडा जास्त प्रवास करतो. तिसऱ्या गिअरमध्ये तेच अंतर 700 मीटरच्या घरात जातं आणि पहिल्यात दीड किलोमीटरच्याही पुढे. वेग कितीही असो, हा आकडा बदलत नाही. तो फक्त गिअरवर ठरतो. या घासण्याची किंमत पेट्रोलमध्येच चुकवावी लागते.

आता मूठ. मूठ पिळल्यानं पेट्रोल ओतलं जातं ही कल्पना डोक्यातून काढून टाका. मूठ हवेची वाट उघडते आणि जेवढी हवा आत येते त्या प्रमाणात पेट्रोल मिसळलं जातं. पूर्वी हे काम कार्बोरेटर करी. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झाल्यावर बहुतेक गाड्यांत ते फ्युएल इंजेक्शनकडे गेलं. जळणारं पेट्रोल म्हणजे एका फेऱ्यात आलेली हवा गुणिले फेरे. मूठ बंदच्या जवळ असली की हवेची वाट चिंचोळी होते आणि पिस्टनला प्रत्येक घोट जोर लावून ओढावा लागतो. शहाळ्यातली नळी चिमटीत दाबून पाणी ओढून पाहा, गाल दुखतात आणि तोंडात थेंबच येतो. इंजिनाचं अर्धमिटल्या मुठीवर हेच होतं.

म्हणून 50 च्या वेगानं सपाट रस्त्यावर जाताना तिसऱ्या गिअरमधून चौथ्यात या. इंजिन मिनिटाला 5800 फेऱ्यांच्या आसपास होतं ते 4500 वर येतं. गाडीला पुढे जायला लागणारी शक्ती तेवढीच आहे, म्हणून आता प्रत्येक फेऱ्याला जास्त काम करावं लागेल. त्यासाठी मूठ थोडी जास्त उघडावी लागेल. मूठ जास्त उघडलेली आणि पेट्रोल कमी, ही गोष्ट कितीही उलटी वाटली तरी खरी आहे. घासणंही घटलं आणि हवा ओढण्याचा त्रासही.

मग कुणी म्हणेल, 25 च्या वेगालाच टॉप टाकून ठेवू. इथं दुसरी समजूत आडवी येते. त्या वेगाला इंजिन सव्वादोन हजारांवर आलेलं असतं. गाडी धडधडते, चेन हिसके देते, मूठ पिळली तरी गाडी उठत नाही, इंजिनातून खटखट ऐकू येते. फेरे इतके मंदावले की जळलेल्या वायूला सिलिंडरच्या भिंतींना उष्णता देऊन टाकायला जास्त वेळ मिळतो. जी उष्णता पिस्टन ढकलायची ती इंजिनाच्या फिन्समधून वाऱ्यावर जाते. शिवाय अशा अवस्थेत पूर्ण मूठ पिळली की मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण गरजेपेक्षा वाढवलं जातं. इंजिनाचा सुखाचा पट्टा मधे आहे: फेरे मध्यम आणि प्रत्येक फेऱ्याला पोटभर काम.

‘पोटभर काम’ हे शब्द लक्षात ठेवा, नाहीतर बुलेटचं कोडं सुटत नाही. 350 सीसीची जुनी बुलेट संथ फेऱ्यांची. तिचा सगळ्यात जास्त टॉर्क 4000 फेऱ्यांना येतो, स्प्लेंडरचा 6000 ला. फेऱ्यांवरच सगळं असतं तर बुलेटनं स्प्लेंडरला हरवायला हवं होतं. पण 50 च्या वेगाला तिचा तो मोठा सिलिंडर जवळजवळ रिकामा चालतो, मूठ जेमतेम उघडलेली असते, आणि वजन वेगळंच. बुलेटवाल्यांनी रागावू नये; तिचा ठोका ऐकायला पैसे पडतात एवढंच.

मध्यम फेरे आणि पोटभर काम या तत्त्वावर मुद्दाम गाडी बांधायचा प्रयत्नही झाला आहे. होंडानं 2012 मध्ये एनसी 700 आणली. बहुतेक चालक बहुतेक वेळ 6000 फेऱ्यांच्या आतच असतात, असं कंपनीला आढळलं होतं. म्हणून त्या पल्ल्यातच ताकद देणारं 670 सीसीचं इंजिन बसवलं आणि गिअरही लांब ठेवले. लिटरला 27.9 किलोमीटरचा कंपनीचा आकडा त्या आकाराच्या गाडीसाठी नवलाचा होता. शर्यतीच्या शौकिनांनी तिला नाकं मुरडली. मला ती फार शहाणी गाडी वाटते.

आता जो घटक गिअरपेक्षाही मोठा आहे त्याकडे येतो: वारा. गाडी आणि माणूस मिळून 180 किलो धरले तर 50 च्या वेगाला, माझ्या अंदाजानं, दीड ते पावणेदोन अश्वशक्ती पुरते. स्प्लेंडरचं इंजिन आठ देऊ शकतं. म्हणजे एरवी आपण पाचातला एक भागच वापरतो. 80 ला मात्र साडेपाचच्या आसपास लागतात. वेग दीडपटीहून थोडा वाढला आणि शक्ती तिपटीहून जास्त, कारण वाऱ्याशी झुंजायला लागणारी शक्ती वेगाच्या घनानं वाढते. किलोमीटरमागचा विरोध जवळपास दुप्पट होतो. 80 ला इंजिन पोटभर काम करत असल्यानं ॲव्हरेज थेट निम्मं होत नाही, पण पडतं ते चांगलंच. अमेरिकेत क्रेग व्हेटर यांनी 1980 च्या दशकात मोटारसायकलींच्या इंधनबचतीच्या स्पर्धा भरवल्या. तिथल्या गाड्या माशासारख्या आवरणात गुंडाळलेल्या असत. वारा कमी अडला की शक्ती कमी लागते, मग गिअर आणखी लांब करता येतो. क्रम असा आहे. आधी विरोध घटवायचा, मग गिअर लांबवायचा.

आपल्याकडे हा क्रम उलटा होतो. पुढचं 14 दात्यांचं स्प्रॉकेट काढून 15 चं बसवायचं आणि ॲव्हरेज वाढेल म्हणायचं. फेरे सात टक्क्यांनी उतरतात, 4500 चे 4200 होतात, हे खरं. सपाट हायवेवर एकट्या माणसाला एखाद-दोन किलोमीटरचा लाभ होईलही. पण डबलसीट दिवे घाट चढायला घ्या. टॉप ओढत नाही, तिसरा टाकता. तो तिसराही आता लांबलेला, म्हणून दुसऱ्यात येता, आणि इंजिन पूर्वीपेक्षा जास्त ओरडतं. शहरात तर दर सिग्नलला हाफ क्लचवर गाडी उचलायची. काही गाड्यांत स्पीडोमीटरची जोडणी पुढच्या चाकाऐवजी गिअरबॉक्सकडून असते. तिथं किलोमीटरच कमी नोंदले जातात आणि सगळी तुलना फसते. कंपनीनं दिलेला गिअर घाट, डबलसीट आणि भाजीची पिशवी धरून ठरवलेला असतो. शहरात फिरणाऱ्यानं तो बदलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

घाटाचा विषय निघालाच आहे तर उताराचंही सांगतो. न्यूट्रल टाकून घरंगळत येणं ही आपली जुनी खोड. इंजेक्शनच्या गाडीत गिअर ठेवून मूठ सोडली की फेरे खूप उतरेपर्यंत पेट्रोलचा फवारा बंदच होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला पेट्रोल जळतच राहतं, आणि उताराचा सगळा भार ब्रेकवर येतो. म्हणजे उताराला न्यूट्रल करण्यात आता बचतीचं निमित्तही उरलं नाही.

तेव्हा खर्च करण्याआधी एक करा. पंपावर टाकी काठोकाठ भरा आणि नेहमीच्या रस्त्यावर एक टाकीभर गाडी चालवा: चाकात हवा बरोबर, चेन ना घट्ट ना सैल, चाळिशी गाठली की टॉप, इंजिन कुरकुरलं की लगेच खालचा गिअर, आणि पन्नासच्या पुढे शक्यतो नाही. मग त्याच पंपावर तशीच काठोकाठ भरा आणि भागाकार करा. आलेला आकडा समाधानाचा नसेल, तरच स्प्रॉकेटवाल्याकडे जा.