नोंदवही आणि डॉक्टर



मी आयुष्यभर शब्द शिकवले. औषधांविषयी माझा अधिकार रुग्णाचा, तेवढाच. आपल्या घडियाळी पोळीतील औषधविक्रेत्यालाही कायद्याने एक स्वतंत्र वही ठेवावी लागते, तिच्याविषयी बोलतो. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या अनुसूची ‘एच-१’ची ही वही. झोपेच्या व गुंगीच्या काही गोळ्या, क्षयाची औषधे, निवडक प्रतिजैविके देताना डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध व त्याचे प्रमाण तीत नोंदवायचे. वही तीन वर्षे जपायची. हेतू उत्तम. परंतु जो चिठ्ठी लिहितो, त्याच्यापुढे ती वही येतच नाही! एकच गृहस्थ सकाळी एका, सायंकाळी दुसऱ्या डॉक्टरांकडून त्याच गोळ्या लिहून घेतो. दोन दुकानांच्या दोन वह्या परस्परांना अनोळखी.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने अशा नोंदी १९३९ सालीच कागदावर सुरू केल्या; आज तेथील डॉक्टर चिठ्ठीपूर्वी त्या संगणकावर पाहतात. येथेही तसे व्हावे. मात्र एक भय वाटते. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने मॉर्फीन इतके जखडले की कर्करोगाचे रुग्ण वेदनेने तळमळत राहिले. ती गाठ २०१४ च्या दुरुस्तीने सैल झाली. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते हजेरीपटात गैरहजेरी दिसली की छडी न शोधता मुलाचे घर शोधीत. डॉक्टरांनीही नोंद पाहून रुग्णाला परत न पाठविता जवळ बसवून विचारावे, ‘या गोळीवाचून झोप कधीपासून येत नाही?’