जुन्या जीपगाडीचा सौदा

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. गाड्यांच्या दुरुस्तीशी माझा व्यवसायाने काही संबंध नाही. तरीही आज जुन्या जीपगाड्यांच्या खरेदीविषयी बोलायला बसलो आहे, याचे कारण या विषयाची फी मी एकदा भरलेली आहे. ती माझ्या एकट्याच्या खिशातून गेली असती तर एवढे वाईट वाटले नसते.

माझे चुलते पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यातल्या एका वाडीवर राहतात. डांबरी रस्ता सुटला की वाडीपर्यंत चार किलोमीटरची कच्ची वाट. मध्ये ओढा, ओढ्यापलीकडे उभी चढण, आणि जून ते सप्टेंबर त्या चढणीवर तांबड्या मातीचे नुसते लोणी झालेले असते. चुलतभावाकडे आठ-नऊ दुभती जनावरे. सकाळ-संध्याकाळ दुधाच्या किटल्या मोटारसायकलला बांधून तो खाली संकलन केंद्रावर न्यायचा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी किटल्यांसकट आडवा. २०१६ साली त्याने ठरवले की चारही चाकांनी ओढणारी एक जुनी जीप घ्यायची. दोन म्हशी विकल्या, उसाचे बिल आले होते ते घातले, चाळीस हजार मी दिले. एक लाख चाळीस हजार रुपये जमले. "दादा, तू शिकलेला. तू बरोबर चल," असे तो म्हणाला, आणि मी गेलो.

पुढे काय झाले ते सांगण्यापूर्वी या गाडीची थोडी कुळकथा सांगतो.

जीप ही मुळात लढाईची गाडी. १९४१ पासून अमेरिकेत विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनी ती लष्करासाठी मोठ्या संख्येने बनवली. १९४५ साली निघालेल्या आणि पुढे महिंद्र अँड महिंद्र या नावाने प्रसिद्ध झालेल्या कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास विलिसच्या जीपचे सुटे भाग आणून ती इथे जोडायला सुरुवात केली. जुन्या चित्रपटांत फौजदारसाहेब जिच्यातून उतरतात ती उंच बॉनेटची जीप म्हणजे विलिसची सीजे-३बी. बॉनेट उंच का, तर नवे इंजीन उंच निघाले, ते मावेना! ऐंशीच्या दशकात प्यूजो कंपनीच्या डिझेल इंजिनावरच्या एमएम-५४०सारख्या गाड्या आल्या. १९८५ च्या अखेरीस मारुतीची जिप्सी आली. ती पेट्रोलवरची, अंगाने हलकी. आज खेड्यापाड्यांत कमी पैशांत विकायला असतात त्या बहुधा याच घराण्यांतल्या.

आता जीप म्हटली की चारही चाके ओढतात, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाही. वडापला धावणाऱ्या लांब जीपगाड्या बहुतेक मागच्या दोनच चाकांवर चालणाऱ्या. खऱ्या चारचाकी ओढीच्या गाडीत गिअरपेटीच्या मागे आणखी एक पेटी असते. तिच्यातून एक दांडा मागच्या चाकांकडे जातो आणि दुसरा पुढच्या. जड जमिनीत आपण नांगराला दोनाऐवजी चार बैल जुंपतो, तसाच हा प्रकार. शिवाय त्या पेटीत एक 'लो' गिअर असतो. तो टाकला की वेग अडीच पटींनी उतरतो आणि ओढ तितकीच चढते. माणूस चालेल त्या गतीने गाडी चढण चढते. या गाडीची सगळी पुण्याई या पेटीत आहे.

तर आम्ही तालुक्याबाहेर एका दलालाकडे गेलो. गाडी दृष्ट लागण्यासारखी होती. लष्करी हिरवा रंग, रुंद टायर, मागे '४ × ४' अशी अक्षरे, आत गिअरच्या शेजारी दोन जादा दांडे. "मिलिट्रीची हाय, लिलावातली," असे दलाल म्हणाला. भावाने इंजीन सुरू करून पाहिले. मी कागद पाहिले, म्हणजे कागदांच्या झेरॉक्स पाहिल्या. मूळ आर. सी. बुक 'साहेबांकडे' होते. मी मान डोलावली. त्या माझ्या मान डोलावण्यावर भावाने पैसे मोजले.

जुलैतली गोष्ट. काकींच्या पोटात रात्री कळा सुरू झाल्या. दोन वाजता त्यांना जीपमध्ये निजवून भाऊ निघाला. वाडीतून ओढ्याकडे उतरताना मधे एक खाचरातली चिखलवाट लागते. तिथे गाडी रुतली. त्याने दांडा ओढला, 'लो' टाकला. मागची चाके चिखल उडवत फिरली आणि पुढची दोन्ही ढिम्म! शेवटी चार माणसांनी घोंगडीची झोळी करून काकींना ओढ्यातून पलीकडे आणि तिथून डांबरी रस्त्यापर्यंत नेले. अपेंडिक्स होते. वेळेवर पोचल्या, वाचल्या. अर्धा तास आणखी गेला असता तर काय झाले असते, हे डॉक्टरांनी सांगितले नाही, आणि आम्ही विचारले नाही.

पुढे कराडच्या एका मिस्त्रींनी गाडी जॅकवर घेऊन पुढचा आस उघडला. मला खाली बोलावले. "सर, हितं बघा. हौजिंग हाय, पण आत काय न्हाई." आतले शाफ्ट कुणीतरी कधीच काढून विकले होते. वरचा दांडा हलत होता, पण त्याच्या पुढे चाकापर्यंत काहीच पोचत नव्हते. मूळ पुस्तक मिळाले तेव्हा त्यावरचा चॅसिस नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर यांचा मेळ नव्हता. गाडी नावावर होईना. शेवटी ती भंगाराच्या भावाने गेली.

श्रोतेहो, आता माझी खरी फजिती सांगतो. जॉर्ज अकरलॉफ नावाचे एक अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ आहेत. १९७० साली त्यांनी जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ साली त्यांना दोघा सहकाऱ्यांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: विकणाऱ्याला गाडीतली खोट ठाऊक असते, घेणाऱ्याला ती दिसत नाही. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना मधला भाव देऊ करतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक आपली गाडी विकायला काढत नाही. मग बाजारात उरतात त्या बहुतेक खोटीच्या. आपल्याकडे 'पाण्यात म्हैस, वर मोल' म्हणतात, त्यातलेच हे. हा निबंध मी एम. ए. च्या वर्गात दर वर्षी शिकवतो, फळ्यावर आकृती काढून शिकवतो. आणि पाण्यातली म्हैस घेताना मान डोलावणारा मीच.

दोन वर्षांनी भाऊ पुन्हा म्हणाला, गाडी पाहिजेच. या खेपेस मी मिस्त्रींना पाचशे रुपये आणि जेवण देऊन बरोबर नेले. त्यांनी मला जे दाखवले ते आपल्याला सांगतो.

सकाळी लवकर, न कळवता गेलो. मिस्त्रींनी आधी बॉनेटवर हात ठेवला. बॉनेट गरम असेल तर मालकाने गाडी आधीच चालू करून ठेवली आहे असे समजावे. डिझेल गाडीची परीक्षा थंड असताना सुरू होते की नाही यात असते. सुरू झाल्यावर तेल ओतायच्या भोकाचे झाकण काढून पाहिले. तिथून धुराचे भपकारे येऊ लागले तर इंजीन 'बॅक मारते', म्हणजे रिंगा-पिस्टन गेले. निळसर धूर म्हणजे गाडी ऑइल पिते. थंडीत पहिला मिनिटभर पांढुरका धूर चालेल, पण तो हटेनाच तर पंप, नोझल नाहीतर हेड गॅस्केट. यातले काहीही निघाले तरी मिस्त्रींच्या मते घाबरायचे कारण नाही. इंजीन पैसे टाकून नीट होते. चॅसिस होत नाही.

म्हणून त्यांचा सगळा वेळ गाडीखाली गेला. लहान हातोडीने चॅसिसवर टिचक्या मारत ते पुढून मागे सरकले, बाजारात मडके वाजवून घेतात तसे. खणखणीत आवाज आला तर लोखंड शाबूत, बद्द आला तर आतून गंज. पाटे जिथे चॅसिसला टांगलेले असतात ते कान आणि स्टेअरिंगची पेटी जिथे बसते ती जागा, या दोन ठिकाणी जुनी वेल्डिंग किंवा भेग आहे का ते टॉर्च लावून पाहिले. ताजा काळा रंग फासलेला असेल तर तिथे हटकून खरवडायचे.

आता ज्या परीक्षेने आमची पहिली गाडी दोन मिनिटांत उघडी पडली असती ती ऐका. गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना दगड लावून, इंजीन बंद करून गिअरमध्ये ठेवायची. पुढचे एकच चाक जॅकवर उचलायचे. चाकाच्या मध्यावर कुलपासारखी फिरकी असेल तर दोन्ही बाजूंच्या फिरक्या 'लॉक'वर करायच्या. मग चारचाकी ओढीचा दांडा टाकून उचललेले चाक हाताने फिरवून पाहायचे. किंचित हालेल आणि अडेल, तर आतली साखळी पुरी आहे. भिंगरीसारखे फिरले, तर दांडा शोभेचा! ही दुसरी गाडी परीक्षेत पास झाली. दिसायला मात्र केविलवाणी होती. ताडपत्री फाटलेली, एक दार दोरीने बांधलेले. मिस्त्री हळूच म्हणाले, "सर, ही घ्या. हिला कुणी नटवलेली न्हाई."

कागदांच्या बाबतीत यावेळी मी शहाणा झालो होतो. मूळ आर. सी. हातात आल्याशिवाय एक रुपया दिला नाही. चॅसिस आणि इंजीन, दोन्ही नंबर खडूने घासून वाचले आणि पुस्तकाशी ताडले. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर मालकाची, कर्जाची आणि मुदतीची नोंद पाहिली. बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याचा ३५ नंबरचा नमुना, आणि मालकी बदलण्याचे २९ आणि ३० हे नमुने. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते, पुढे दर पाच वर्षांनी गाडी दाखवून ती वाढवून घ्यावी लागते. त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली, आणि २० वर्षांवरच्या गाड्यांना २०२५ मध्ये ती आणखी वाढली. शिवाय पर्यावरण कर. हा खर्च भाव करतानाच धरावा. परराज्यातली गाडी स्वस्त पडते, विशेषतः दिल्लीकडची. तिथे १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ साली हरित लवादाने बंदी घातली आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, त्यानंतर तिकडच्या पुष्कळ गाड्या बाहेरच्या राज्यांत विकल्या गेल्या. परंतु तिकडच्या कार्यालयाचे ना-हरकत पत्र आणि इथला कर यांचा हिशेब केला की स्वस्ताई बरीच आटते. सुट्या भागांतून नव्याने जोडलेल्या आणि मूळ बनावट बदललेल्या जीपगाड्यांचे तर नावच काढू नये. मूळ बनावटीशी विसंगत फेरफार चालणार नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत दिलेला आहे.

सौदा एक लाख नव्वद हजारांना ठरला. भाऊ म्हणाला, आता रंग काढू. मिस्त्रींनी त्याला जवळजवळ हाकलूनच दिले. त्यांचा क्रम ठरलेला होता. आधी ब्रेक: सिलिंडर, होज, लायनर सगळे नवे. मग स्टेअरिंगचे सांधे आणि पुढच्या चाकांची बेअरिंगे. या गाड्या लांबीला आखूड आणि अंगाने उंच, त्यात एअरबॅग वगैरे काही नाही. वळणावर उलटायला त्यांना निमित्त पुरते. मग रेडिएटर साफ करून पाण्याचे पाइप बदलले, कारण घाटात तापलेले इंजीन एका फेरीत संपते. मग कुजलेल्या वायरी. दोन महिन्यांनी दांड्यांचे क्रॉस आणि क्लचप्लेट. इंजिनाला आठव्या महिन्यात हात लावला. एकूण एक लाख पंधरा हजार लागले, तेही दुधाच्या पगारातून थोडे थोडे. खरेदीच्या वेळीच निदान तिसरा हिस्सा बाजूला काढून ठेवायचा, हे आम्ही तेव्हा शिकलो. सगळे पैसे सौद्यात घातले की ब्रेकला उरत नाहीत.

चालवण्याच्या दोन गोष्टी. कोरड्या डांबरी रस्त्यावर चारचाकी ओढ टाकू नये. वळणावर पुढची आणि मागची चाके सारखे अंतर जात नाहीत. मातीत ती थोडी घसरून निभावतात, डांबरावर तो पीळ पेटीत जातो आणि दाते मोडतात. आणि ओढ्यातून, चाकांचा मध्य बुडेल इतक्या पाण्यातून गेलात, तर पुढच्या-मागच्या हौजिंगमधले ऑइल उघडून पाहा. दुधाच्या चहासारखे दिसले तर आत पाणी शिरले आहे. ते त्याच आठवड्यात बदलावे.

गाडी आजही वाडीवर आहे. लिटरला दहा-अकरा किलोमीटरच्या वर जात नाही, आणि बोलायचे तर ओरडून बोलावे लागते. रंग अजून काढलेला नाही. दार आता दोरीने बांधावे लागत नाही. दुधाच्या किटल्या मागे साखळीने आवळलेल्या असतात, आणि गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वाडीतली दोन आजारी माणसे याच गाडीतून ओढ्यापलीकडे गेली. काकी मात्र जीपमध्ये बसायच्या आधी अजून थांबतात. भावाला चिखलात दांडा टाकून गाडी हातभर पुढे घ्यायला लावतात, वाकून पुढची चाके फिरताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहतात, आणि मगच पदर खोचून वर चढतात.