फुटबॉलवेडा बॉब मार्ले आणि वऱ्हाडातील अनवाणी पाय

(अमरावती येथे अमरावती व अकोला जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



११ मे १९८१ रोजी अमेरिकेतील मायामी शहरात बॉब मार्ले त्वचेच्या कर्करोगाने मरण पावला. त्याचे वय अवघे ३६ वर्षांचे होते. जग त्याला गायक म्हणून ओळखते. परंतु हा मनुष्य फुटबॉलचा निस्सीम भक्त होता. दौऱ्यावर असताना जेथे मोकळी जागा सापडेल तेथे तो आणि त्याचे साथीदार खेळ मांडीत. जमैकाचा नामवंत फुटबॉलपटू अ‍ॅलन कोल हा त्याचा जिवलग मित्र, आणि त्यालाच त्याने आपल्या दौऱ्यांचा व्यवस्थापक केले. मार्च १९८० मध्ये तो ब्राझीलला गेला, तेव्हाही रिओ शहरात चेंडू घेऊन मैदानात उतरला. सोबत होते लष्करी राजवटीला न जुमानणारे गायक शिको बुआर्के आणि १९७० च्या विश्वविजेत्या संघातील पाउलो सेझार. दुर्धर रोगाचे निदान होऊन तेव्हा जवळजवळ तीन वर्षे लोटली होती.

या दूरदेशीच्या गायकाचे स्मरण वऱ्हाडात कशासाठी करावयाचे, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे, आणि त्याची उत्तरे दोन आहेत.

पहिले उत्तर इतिहासाचे. मार्ले १९४५ साली जमैकातील नाइन माइल या खेड्यात जन्मला आणि किंगस्टनच्या ट्रेंचटाउन या गरीब वस्तीत वाढला. उसाच्या मळ्यांवर गुलामांच्या श्रमाने उभे राहिलेले हे बेट. गुलामगिरी संपल्यावर मळेवाल्यांनी १८४५ पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले. अशा समाजात खेळ हा केवळ विरंगुळा राहत नाही. वेस्ट इंडीजमधील क्रिकेटच्या मैदानावर वर्ण आणि वर्ग कसे उभे असतात, हे सी. एल. आर. जेम्स या समाजवादी लेखकाने १९६३ सालीच ग्रंथरूपाने दाखवून दिले. खुद्द अमरावतीलाही हे नवे नाही. १९१४ साली येथे स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनमध्ये कबड्डी आणि अन्य देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. वंशश्रेष्ठत्वाचा डंका पिटणाऱ्या हिटलरच्या राजधानीत पारतंत्र्यातील तरुणांनी आपला खेळ मांडला होता. मार्लेनेही २२ एप्रिल १९७८ रोजी किंगस्टनच्या मैदानावर समाजवादी पंतप्रधान मायकेल मॅन्ले आणि त्यांचे प्रतिस्पर्धी एडवर्ड सिआगा यांचे हात एकत्र धरले. आणि एप्रिल १९८० मध्ये झिंबाब्वे स्वतंत्र झाला, तेव्हा तो तेथील रुफारो या फुटबॉलच्या क्रीडांगणावर गायला.

दुसरे उत्तर अधिक निकडीचे आहे. १९७७ साली युरोपच्या दौऱ्यात खेळताना त्याच्या पायाच्या अंगठ्याला दुखापत झाली. जखम बरी होईना. तपासणीअंती नखाखाली मेलॅनोमा, म्हणजे रंगद्रव्य निर्माण करणाऱ्या पेशींचा कर्करोग, असल्याचे निष्पन्न झाले. अंगठा काढून टाकावा असा वैद्यकीय सल्ला मिळाला. आपल्या रास्ताफारी श्रद्धेमुळे त्याने तो मानला नाही. नख व त्याखालचा भाग काढून त्वचारोपण करण्यात आले. सप्टेंबर १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या उद्यानात धावताना तो कोसळला, तोपर्यंत रोग मेंदूपर्यंत पोहोचला होता. पुढे जर्मनीत शास्त्रसिद्ध नसलेले उपचार झाले. त्यांचा उपयोग झाला नाही.

फुटबॉलच्या दुखापतीने कर्करोग झाला, अशी एक समजूत पसरली. ती खरी नाही. दुखापतीने रोग उत्पन्न केला नाही. तिने फार तर त्याकडे लक्ष वेधले. दुसरी समजूत अशी की त्वचेचा कर्करोग हा गोऱ्या लोकांचा, उन्हाने होणारा रोग. गोऱ्या त्वचेत उन्हाचा वाटा मोठा असतो, हे खरे. परंतु तळहात, तळपाय आणि नखांखाली होणाऱ्या मेलॅनोमाचा उन्हाशी फारसा संबंध नाही, आणि सावळ्या व काळ्या वर्णाच्या लोकांत होणाऱ्या मेलॅनोमात हाच प्रकार प्रामुख्याने आढळतो. त्वचेच्या कर्करोगाचे इतर प्रकारही आपल्याकडे होतात. भाजल्याचे जुने व्रण, वर्षानुवर्षे न भरणाऱ्या जखमा यांतून कर्करोग उद्भवतो. धोतराची घट्ट गाठ कमरेला सतत घासल्याने होणाऱ्या कर्करोगाची नोंद मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉ. वसंतराव खानोलकरांनी १९४० च्या दशकातच केली होती. कष्टकऱ्याच्या राहणीशी आणि त्याच्या उपेक्षित जखमांशी या रोगाचा संबंध किती निकटचा आहे, हे यावरून ध्यानी यावे.

आता वऱ्हाडातील पाय डोळ्यांसमोर आणावेत. कापसाच्या वेचणीला जाणारी बाई, ज्वारीच्या धसकटांतून चालणारा सालदार, कबड्डीच्या मैदानात अनवाणी उतरणारा मुलगा, यांच्या पायाला काटा रुतणे आणि नख ठेचाळणे हे रोजचेच. तळपायावरचा काळा डाग म्हणजे मोडलेला काटा, नखाखालची काळी रेघ म्हणजे साकळलेले रक्त, असे गृहीत धरले जाते. हळद लावतात, बिब्बा घालतात. दवाखान्यात जावयाचे तर दिवसाची मजुरी बुडते. अनेकदा काटा हा काटाच असतो. पण डाग वाढत असेल, नखाखालची रेघ रुंदावून बाजूच्या कातडीवर उतरली असेल किंवा जखम महिना महिना भरत नसेल, तर डॉक्टरांनी ती पाहिलीच पाहिजे. वेळीच निदान झाले तर लहान शस्त्रक्रियेने प्राण वाचू शकतात. उशीर झाला तर पैसाही हात टेकतो. मार्लेजवळ पैशाची ददात नव्हती.

हा रोग आपल्याकडे विरळ आहे, असा आक्षेप येईल. तो खरा आहे, आणि म्हणून भीती पसरविण्याचे कारण नाही. परंतु पाय पाहावयास खर्च तो काय येतो? कर्करोगाच्या सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचा समावेश आहे, त्वचेचा नाही. मात्र घरोघर जाऊन अंगावरचे चट्टे पाहण्याची परंपरा या भागाला परकी नाही. अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी आयुष्य वेचले. कुष्ठरोगाच्या सर्वेक्षणाचे कामही गावोगाव झाले. चट्टा शोधणारे डोळे तळपायाकडे आणि नखांकडेही वळविता येतील. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायावरच्या जुन्या व्रणांतही कधीकधी कर्करोग होतो. म्हणजे ही दोन कामे मुळातच जवळची आहेत.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. आशा कार्यकर्त्या आणि आरोग्यसेवकांना या लक्षणांचे शिक्षण मिळावे, आणि त्या वाढीव कामाचा मोबदलाही मिळावा. संशयित डागाचा तुकडा तपासण्याची सोय जिल्ह्याच्या ठिकाणी विनामूल्य असावी. अमरावतीहून नागपूर सुमारे १५० किलोमीटर, अकोल्याहून सुमारे २५० किलोमीटर; निदानासाठीच एवढा प्रवास करावा लागला तर मजूर तो करणार नाही. उपचारासाठी जावे लागलेच तर रुग्णाला आणि सोबतच्या माणसाला प्रवासखर्च व बुडालेली मजुरी मिळाली पाहिजे. शेतमजुराला पायात घालावयास चांगले जोडे मिळणे, ही तर मजुरीच्या लढ्याचीच बाब आहे.

कार्यकर्त्यांनी सरकारची वाट पाहत बसू नये. गावोगावच्या कबड्डी आणि कुस्तीच्या सामन्यांना लोक आपण होऊन जमतात. खेळ सुरू होण्यापूर्वी पाच मिनिटे मागून घ्यावीत. बॉब मार्ले नावाचा एक फुटबॉलवेडा होता, त्याच्या पायाच्या नखाखाली काय झाले होते, हे सांगावे आणि प्रत्येकाने घरी जाऊन आपले व आपल्या म्हाताऱ्या आईबापांचे तळपाय उजेडात पाहावेत, एवढी विनंती करावी. येत्या हंगामात दोन्ही जिल्ह्यांतील प्रत्येक शाखेने असा निदान एक कार्यक्रम करावा, आणि जे डाग संशयास्पद आढळतील ते रुग्ण आपल्याबरोबर दवाखान्यात न्यावेत.