खातं कोणाच्या नावावर?



आयोजकांनी मला 'लहान धंदा आणि ऑनलाइन सॉफ्टवेअर' असा विषय दिला आहे. मी संगणक अभियंता नाही. मालेगावात यंत्रमागवाल्यांचे आणि दुकानदारांचे हिशेब लिहितो, त्यांचा जीएसटी भरतो. जे पाहिलं तेच सांगणार आहे.

पूर्वी हिशेबाचं सॉफ्टवेअर दुकानातल्या एका संगणकात असायचं. संगणक बिघडला, की हिशेबाला मुकावं लागायचं. आता सॉफ्टवेअर आणि हिशेब दोन्ही दुसऱ्याच्या सर्व्हरवर असतात. आपण मोबाइलवरून लॉगिन करतो आणि दरमहा भाडं देतो, किंवा काहीच देत नाही. गूगलची शीट २००६पासून आहे. छोट्या कारखान्याला बहुतेक वेळा तेवढीच पुरते. सूत किती किलो आलं, कापड किती मीटर गेलं, कोणाची उचल किती. सगळे एकाच पानावर लिहितात, आणि कोणता आकडा कोणी कधी बदलला याचा इतिहास तिथे राहतो. हा इतिहास फार मोलाचा आहे. गुरुवारी हिशेबाला बसल्यावर होणारी निम्मी भांडणं त्याने मिटलेली मी पाहिली आहेत.

पण एक प्रश्न कोणी विचारत नाही. खातं कोणाच्या नावावर आहे?

माझ्या ओळखीच्या एका कारखान्यात सगळं भाच्याने सुरू करून दिलं. ईमेल त्याचा, ओटीपी त्याच्या नंबरवर. तो नोकरीला आखातात गेला, इथला नंबर रिचार्जविना बंद पडला. मामूंकडे कारखाना होता, पण हिशेबाची किल्ली नव्हती. भाचा भला होता म्हणून निभावलं. असा बंद पडलेला नंबर पुढे दुसऱ्याच कोणाला मिळू शकतो, हेही लक्षात घ्या. गूगलचं वैयक्तिक खातं दोन वर्षं वापरलं नाही, तर कंपनी ते काढून टाकू शकते.

फुकट जागेचंही तसंच. पंधरा जीबीमध्ये मेल, फाइली, फोटो सगळं येतं. घरातल्या शादीचे व्हिडिओ भरले, की व्यापाऱ्याचं बिल मेलवर यायचं थांबतं! धंद्याचा ईमेल वेगळा ठेवा, आणि तो किमान दोन माणसांना उघडता यावा. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. भाडं थकलं म्हणून सॉफ्टवेअर बंद झालं, हे कारण अधिकारी ऐकणार नाहीत. दर महिन्याला हिशेब उतरवून पेनड्राइव्हवर घ्या. मोठ्या कंपन्यांच्या सेवासुद्धा बंद होतात. मे २०२५मध्ये स्काइप बंद झालं.

आता मुलींशी थोडं जास्त बोलतो. तुमच्यातल्या काही जणी घरून काम करतात. डेटा एंट्री, भाषांतर, ऑनलाइन दुकानाची यादी. एक मालेगावात, एक जळगावात, एक पुण्यात, अशी टीम. अशा टीमने कामं व्हॉट्सअॅपवर वाटू नयेत. तिथे काम वाहून जातं आणि श्रेय मोठ्याने बोलणाऱ्याला मिळतं. ट्रेलोसारखा साधा बोर्ड ठेवा. कोणाचं काम, कधीपर्यंत, कुठे अडलं, हे लिहिलेलं असलं की रोज मीटिंग लागत नाही. (संध्याकाळी सातला मीटिंग ठेवणाऱ्याला बहुधा घरात स्वयंपाक करावा लागत नाही.)

पण बऱ्याच मुली भाईच्या ईमेलवरून काम करतात, पैसेही भाईच्याच खात्यात येतात. भाई पै न पै हातात देत असेल, तरीही हे चुकीचं आहे. तीन वर्षांचं काम, गिऱ्हाइकांनी दिलेले अभिप्राय, सगळं त्याच्या नावावर जमा होतं. उद्या निकाह होऊन ती दुसऱ्या गावी गेली, की तिथे ती अनुभव नसलेली नवी मुलगी ठरते. घरून काम करणाऱ्या बाईला अनुभवाचा दाखला कोण देणार? तिचं नाव असलेलं खातं हाच तिचा दाखला. ईमेल, पॅन, बँक खातं तिघंही स्वतःच्या नावाचं हवं. अब्बांना समजवायचं असेल, तर मामूंच्या कारखान्याची गोष्ट सांगा. हिशेबाची भाषा त्यांना पटते.

आता जेवणाआधी अर्धा तास आहे. मोबाइल काढा, आपल्या ईमेल खात्याच्या सेटिंग्ज उघडा आणि खातं परत मिळवण्यासाठी कोणाचा नंबर दिलाय, ते बघा. ज्यांना दुसऱ्याचा नंबर दिसेल, त्यांनी माझ्याकडे या. आपण लगेच बदलू.