सांबऱ्याची धावपट्टी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते भूगोल शिकविताना फळ्यावर निपाणीचा ठिपका काढीत आणि त्यातून दोन रेघा ओढीत. एक उत्तरेला कोल्हापूरकडे, दुसरी दक्षिणेला बेळगावकडे. दोन्ही रेघांच्या टोकाशी विमानतळ आहे, हे आमच्या गावीही नसे. कोल्हापूरला १९३९ साली विमानसेवा सुरू झाली ती राजाराम महाराजांच्या उत्साहामुळे. बेळगावजवळचा सांबरा विमानतळ मात्र युद्धाच्या निकडीतून जन्मला. आज त्याच्याविषयी बोलावे असे योजिले आहे.

मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि पाठोपाठ ब्रह्मदेश गेला. ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी माणसे तयार करावयाची, तर शत्रूच्या टप्प्याबाहेरची जागा हवी. सांबऱ्याचा सपाट माळ समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंच. पावसाळ्याचे धुके वगळले तर आकाश निरभ्र. त्याच वर्षी ब्रिटिश विमानदलाने येथे प्रशिक्षणासाठी धावपट्टी बांधली.

युद्ध संपले आणि निकडही संपली. अशा धावपट्ट्या देशात अनेक ठिकाणी ओस पडल्या. मद्रासजवळच्या चोलावरमच्या पट्टीवर तर पुढे मोटारींच्या शर्यती होऊ लागल्या! सांबऱ्यावर ही पाळी आली नाही, कारण आपल्या विमानदलाने ती जागा हातची सोडली नाही. डिसेंबर १९६१ च्या गोवा मुक्तीच्या वेळी पुण्याबरोबर सांबरा हाच हवाई कारवाईचा तळ होता. पुढे तेथे विमानदलाच्या जवानांचे प्रशिक्षण चालू राहिले, आजही चालते. पण ते जमिनीवरचे. संचलन आहे, शिस्त आहे. आकाशात घिरट्या घालणारे शिकाऊ विमान मात्र दीर्घकाळ नव्हते.

आता नागरी वाहतुकीकडे वळू. १४ सप्टेंबर २०१७ रोजी सांबऱ्याच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले आणि पुढच्याच वर्षी विमाने हुबळीला गेली. इमारत नवी, धावपट्टी लांब केलेली आणि प्रवासी नाहीत! आपण सीमाभागातली माणसे. 'पुन्हा अन्याय' हे शब्द आपल्या ओठांवर तयारच असतात. बहुतेक वेळा त्यांना आधारही असतो. पण येथे हिशेब पाहिला पाहिजे. 'उडान' योजनेत सुमारे तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपये भाडे ठरविले गेले, ते विमानातील निम्म्या जागांपुरते. येणारी तूट सरकारने तीन वर्षे भरून द्यावयाची. हुबळी त्या यादीत होते, बेळगाव नव्हते. शंभर किलोमीटरच्या आत तूट भरून मिळत असताना कोणती कंपनी सांबऱ्यात थांबेल? २०१९ च्या आरंभी बेळगावलाही त्याच योजनेतून मार्ग मिळाले आणि विमानतळ गजबजला. तीन वर्षांची मुदत सरताच काही सेवा पुन्हा बंद पडल्या. जो नियम हुबळीला लाभला तोच आपल्यालाही लाभला, आणि तोच अंगावरही आला.

म्हणून मला प्रवासी विमानांपेक्षा दुसऱ्या एका घटनेचे अधिक अप्रूप वाटते. २०२१ साली विमानतळ प्राधिकरणाने बेळगाव, जळगाव, कलबुर्गी, खजुराहो व लीलाबारी या पाच ठिकाणी वैमानिक प्रशिक्षण संस्थांना जागा देऊ केल्या. शिकणाऱ्याला पुण्या-मुंबईला जाणारे प्रवासी लागत नाहीत. त्याला मोकळे आकाश आणि कमी वर्दळ लागते. शहराने ज्या ओसाडपणाबद्दल हळहळ करावी, तोच येथे भांडवल ठरतो. १९४२ साली हा माळ निवडताना जे पाहिले गेले असेल, तेच गुण.

अर्थात हे शिक्षण महाग आहे. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या आईच्या मुलाला ते परवडेल असे मला आज दिसत नाही, आणि शिष्यवृत्तीचा विचार करावयाचा तर तो आपल्यासारख्या माजी विद्यार्थ्यांनाच करावा लागेल. त्यात जोखीमही आहे. ३० मे २०२३ रोजी एक शिकाऊ विमान सांबऱ्याजवळच्या शेतात उतरवावे लागले. आतले दोघेही बचावले.