मंडईच्या दारावरील शेतकरी

मुंबईच्या महात्मा जोतिबा फुले मंडईंत, म्हणजे पूर्वीच्या क्रॉफर्ड मार्केटांत, शिरणाऱ्या गृहस्थाचें लक्ष बहुधा पिशवीकडे आणि भावाकडे असतें; मान वर करून दाराकडे पाहणारा विरळा. १८६९ सालीं पुऱ्या झालेल्या या इमारतीचा आराखडा विल्यम इमर्सन यांचा. दगड कुर्ल्याचा व वसईचा. आणि प्रवेशद्वारावरील उठावाचीं शिल्पें जे. जे. कलाशाळेचे शिक्षक जॉन लॉकवुड किप्लिंग यांचीं.

त्या शिल्पांत सिंहासनावरचा राजा नाहीं, घोड्यावरचा सेनापति नाहीं; शेतांत राबणारीं साधीं माणसें आहेत. राजेरजवाडे व लाटसाहेब यांचे पुतळे उभारण्याच्या त्या काळांत हा मान कुणब्याला मिळाला, ही गोष्ट लहान नव्हे.

मंडईस पुढें ज्यांचें नांव मिळालें, त्या जोतिरावांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून याच कुणब्याचें दैन्य मांडलें. म्हणजे दारावर त्याची प्रतिमा, नांवांत त्याचा कैवारी, आणि आंत त्याच्याच घामाचा बाजार! फळांच्या भावाची घासाघीस करण्यापूर्वीं श्रोत्यांनीं क्षणभर मान वर करावी. कदाचित् शेवटचा रुपया सोडून द्यावासा वाटेल.